टाकीवरचा चेहरा

नळ सोडले, आणि भरायला कोणीच आलं नाही.

मी चारही तोट्या पूर्ण उघडून उभी होते. दीड किलोमीटर वरच्या झऱ्यातून काळ्या पाइपाने उतरलेलं पाणी रात्रभर टाकीत साठलं होतं आणि आता इतक्या जोरात पडत होतं, की फरशीवरून उडून माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. सहा आठवडे ज्या सकाळसाठी मी सिमेंट, जाळी आणि पाइपांशी झटापट केली होती, ती सकाळ समोर होती. बघायला मात्र एक कुत्रं. तेही थोडं पाणी चाटून निघून गेलं.

“लोकांना वेळ माहीत आहे ना?” मी इंद्रजितला विचारलं.

“काल तूच घरोघर सांगून आलीस की. दोन-दोनदा. आता काय दवंडी पिटायची राहिली होती?”

तेवढ्यात वळणावर पाच-सहा बायका दिसल्या. पाठीवर टोपल्या, टोपल्यांत तांब्याच्या घागरी. मी हात केला. त्या थांबल्या, टाकीकडे बघत आपसांत काहीतरी बोलल्या आणि जुन्या वाटेने खाली ओढ्याकडे वळल्या. त्या ओढ्याला उतरायला पाऊण तास लागायचा आणि भरलेली घागर घेऊन वर यायला सव्वा तास. ती पायपीट थांबावी म्हणून तर आम्ही आलो होतो.

मी नळ बंद केले. डोक्यात तिडीक गेली होती. लोकांना चांगलं केलेलं दिसत नाही, असं काहीतरी मी बोलले असणार. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि माझं चुकत असेल अशी शंका मला सहसा येत नसे.

ही २००९ची गोष्ट. मी, अश्लेषा, कोल्हापूरला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, इंद्रजित चित्रकला महाविद्यालयात. नेपाळच्या मधल्या डोंगरांत चार गावांना पाण्याच्या टाक्या बांधून द्यायचा उपक्रम आमच्या महाबळ सरांनी हाती घेतला होता. त्यांची कल्पना अशी, की प्रत्येक गावात एक बांधणारा आणि एक रंगवणारा विद्यार्थी पाठवायचा. नुसती टाकी सरकारी वाटते, रंगवलेली टाकी गावाला आपली वाटते, असं ते म्हणत. सर स्वतः दोन दिवसांच्या वाटेवर जिल्ह्याच्या गावी राहून उंटावरून शेळ्या हाकत होते. आमच्या वाट्याला आलं तीनकाफल. मगर जमातीच्या लोकांची बावीस घरं, उतारावर मक्याची आणि नाचणीची शेतं, आणि घरटी एक तरी माणूस आखातात नाहीतर मलेशियात.

आम्ही राहायला धनमाया आमाकडे होतो. आमा म्हणजे आई. साठीची असेल, बोलायला कमी आणि वाढायला सढळ. मला ती ‘नानी’ म्हणायची. तिकडे लहान मुलीला नानी म्हणतात हे कळेपर्यंत दोन दिवस मला उगाचच म्हातारं झाल्यासारखं वाटत होतं. घरात ती आणि तिची सून बिष्णु, साधारण माझ्याच वयाची. आमाचा एकुलता मुलगा टेकबहादुर आखातात बांधकामावर होता. गावात मोबाईल लागत नसे. दोन तास चढून वर खिंडीत गेलं की लागायचा. दर दुसऱ्या शनिवारी सासू-सून खिंडीत जायच्या आणि ठरल्या वेळी टेकचा फोन यायचा. आम्ही गावात आल्यापासून त्या तीनदा चढल्या होत्या आणि तीनदा न बोलताच उतरल्या होत्या.

टाकीवर इंद्रजितने डोंगर काढले होते, गुरं काढली होती आणि घागरी वाहणाऱ्या बायकांची रांग काढली होती. बायका सगळ्या पाठमोऱ्या. पाठमोरी माणसं लवकर होतात, आणि वेळापत्रक माझ्या हातात होतं. नळांच्या वर मात्र दीड मीटरचा चौकोन रिकामा राहिला. तिथे काय काढायचं यावर दोन दिवस गेले, आणि मग कल्पना सुचली ती मला. पुढे कितीही जणांना मी ही गोष्ट ‘आम्ही, आम्ही’ करत सांगितली असली, तरी इथे एकदा लिहून ठेवते, कल्पना माझी होती. मी म्हटलं, टेकला काढ. आमाने आपल्याला सहा आठवडे पोटच्या पोरासारखं जेवू घातलंय. रोज पाणी भरताना तिला मुलगा दिसेल.

बिष्णुकडून मी त्याचा फोटो मागून घेतला, कशाला ते न सांगता. परदेशी निघाला त्या दिवशीचा फोटो होता. कपाळभर टिळा आणि गळ्यात हनुवटीपर्यंत झेंडूचे हार.

“आशे, हार नको,” इंद्रजित म्हणाला. “फोटोला हार म्हणजे काय, ते आपल्याकडं शेंबडं पोरगंही सांगंल.”

मी त्याला शाबासकी दिली. तिथे हार निरोपाचा असतो हे आम्हाला ठाऊक होतं, पण शंकेला जागा तरी कशाला ठेवा. म्हणून हार गाळला आणि बरोबर टिळाही गाळला. परक्या मुलखात किती जपून वागतो आपण, याचं आम्हाला भारी कौतुक वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

दोन दिवस ताडपत्री बांधून इंद्रजितने आत चेहरा काढला. फार सुंदर आला होता, डोळे तर असे की समोरचा माणूस नजर चुकवील. मंगळवारी दुपारी ताडपत्री सोडली आणि मी आमाला हाताला धरून आणलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग पुढे होऊन तिने गालाजवळ हात नेला, पण ओला रंग म्हणून की काय, टेकवला नाही. शाल डोक्यावरून घेतली आणि एक शब्द न बोलता घरी गेली.

“भरून आलं तिला,” मी म्हणाले. इंद्रजितचेही डोळे ओले झाले होते.

त्या संध्याकाळी डाळीत मीठ नव्हतं. बुधवारीही नव्हतं. इंद्रजितने हळूच उठून मिठाचा डबा घेतला आणि आनंदात माणूस विसरतो म्हणाला. मग उजाडला गुरुवार, आणि मी नळ सोडले.

हर्क दाइ आले ते आठच्या सुमाराला. दाइ म्हणजे दादा. हे गावचे गवंडी, टाकीचं निम्मं काम त्यांच्या हातचं. पनवेल-खारघरकडे बारा वर्षं गवंडीकाम करून परतले होते, त्यामुळे मराठी बोलायचे, तेही साइटवर शिकलेलं, सगळ्यांना सरसकट ‘तू’ करणारं. पुतणीच्या लग्नाला चार दिवस खालच्या गावी गेले होते. शीळ घालत वळणावर आले, टाकी दिसली आणि शीळ थांबली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि वाटेतल्याच एका दगडावर बसले.

“खबर कधी आली?” त्यांनी विचारलं.

“कसली?”

“टेकची.”

“खबर कुठे दाइ, फोनच नाही त्याचा. का?”

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “मग हा कोणी काढला?”

“मी,” इंद्रजित म्हणाला. “चांगला नाही आला?”

“चांगला आला. लय चांगला आला.” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग हात काढून ते मला म्हणाले, “बहिनी, तू रोज दुपारी कुठं बसून जेवते?”

“पिंपळाच्या चौतारीवर.” वाटसरूंसाठी बांधलेल्या दगडी पाराला तिकडे चौतारी म्हणतात.

“तिथं दगडावर नाव कोणाचं?”

“तुमच्या वडिलांचं. ते गेल्यावर तुम्ही बांधलीत ना ती. तुम्हीच तर सांगितलंत.”

“सांगितलं ना? वाटेवरचा माणूस तिथं टेकतो, त्याला बरं वाटतं, ते माझ्या बापाला पोचतं. पाण्याची धार, म्हणजे नळाची जागा बांधतात ती पण तशीच. मेलेल्याच्या नावानं. लोक पितात, ते त्याला पोचतं. जिवंत माणसाचं नाव, जिवंत माणसाचं तोंड पाण्याच्या जागेवर आमच्याकडं कोणी लावत नाय. तू शिकलेली ना?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हाराची काळजी घेतली आणि भिंतीची घ्यायची राहिली. बरं, मला माहीत नव्हतं असंही नाही. त्या चौतारीवर बसून मी चाळीस वेळा डबा खाल्ला होता.

“गावाला वाटलं असणार, तुम्हाला खाली जिल्ह्यात कळलंय,” हर्क दाइ म्हणाले. “मागच्या वर्षी वरच्या वाडीतल्या पोराचं असंच झालं. प्रेताची पेटी येईपर्यंत पंधरा दिवस घरी कोणी सांगितलं नाय. आजारी आहे, आजारी आहे, एवढंच. आता तुम्ही चित्र काढून सांगितलं, असं समजले. आणि हे पाणी जो पिईल तो टेकला मेलेला धरून पिईल. कोण पिणार?”

इंद्रजितने पांढऱ्या रंगाचा डबा उचलला. “पुसतो. आत्ताच्या आत्ता पुसतो.”

हर्क दाइंनी उठून त्याचं मनगट धरलं. “आईच्या देखत पोराचं तोंड पुसणार? आता लोक नुसतं म्हणतात मेला. पुसलंस तर तू मारलास.”

तेव्हा मला मीठ आठवलं. दाइंना सांगितलं तर त्यांनी मान खाली घातली. सुतकात तिकडे तेरा दिवस मीठ वर्ज्य असतं. आमा काही विसरली नव्हती.

आम्ही तिघं घरी गेलो. आमा अंगणात मक्याची कणसं सोलत बसली होती. बिष्णु कुठे दिसली नाही. सहा आठवड्यांत माझ्या कानाला नेपाळी सरावली होती आणि तोडकंमोडकं बोलायलाही येत होतं. मी आमासमोर उकिडवी बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. आम्हाला काहीही माहीत नाही, कसलीही बातमी आलेली नाही, हा माझा मूर्खपणा आहे, टेकला काही झालेलं नाही.

“हो नानी,” ती म्हणाली. “काही झालेलं नाही.” लहान मुलाची समजूत काढताना म्हणतात तसं. मग हातातलं कणीस बाजूला ठेवून हळू आवाजात म्हणाली, “पेटी कधी येणार तेवढं सांग. बिष्णुच्या माहेरी कळवायला हवं.”

मी हर्क दाइंकडे बघितलं. त्यांनीही सांगून पाहिलं, इंद्रजितनेही हात जोडले. ती प्रत्येकाला ‘हो’ म्हणाली. मागच्या वर्षी त्या वाडीतल्या बाईलाही असंच शपथा घेऊन सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्यांत आमा स्वतः होती. हे मला खिंडीच्या वाटेवर हर्क दाइंनी सांगितलं.

कारण आता खिंडीत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टेकशी बोलणं होईल, तरच ते खोटं ठरणार होतं. दोन तासांचा चढ आम्ही दीड तासात चढलो. वर वारा इतका होता की फोन कानाला लावून दगडाच्या आडोशाला वाकून बसावं लागत होतं. टेकचा फोन बंद. कंपनीच्या ऑफिसचा म्हणून एक नंबर बिष्णुने कधीतरी हर्क दाइंना दिला होता, तो नुसता वाजत राहिला. शेवटी टेकच्या खोलीत राहणारा लीलाधर म्हणून एकजण होता, त्याचा फोन लागला. मी स्पीकर लावला.

“दोन महिने झाले टेकला दुसऱ्या साइटवर नेला,” तो म्हणाला. “परत आला नाही. सामान इथेच आहे. कोणी काही सांगत नाही, दिदी.” मग त्याने विचारलं, “तुम्हाला काही कळलं का?”

एवढंच बोलणं झालं. आम्ही आणखी तासभर तिथे बसून पुन्हा पुन्हा तेच तीन नंबर लावले. इंद्रजित दगडाला टेकून खाली गावाकडे बघत होता. मला वाटत होतं, त्याने मला शिव्या द्याव्यात, म्हणजे बरं वाटेल. कोल्हापूरचा असून दिल्या नाहीत.

उतरताना हर्क दाइंनी विचारलं, “काय सांगणार?”

“जे आहे ते.”

“जे आहे ते काय आहे?”

“माहीत नाही, हे.”

“ते सकाळी सांगून झालं,” दाइ म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. अंगण बायकांनी भरलेलं होतं. पंधरा-वीस बायका, सगळ्या जमिनीवर बसलेल्या, एकही रडत नव्हती. मध्ये बिष्णु. तिच्या शेजारी गावातली एक म्हातारी बसली होती आणि तिने बिष्णुचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. हातात लाल काचेच्या बांगड्या होत्या. म्हातारी त्या बांगड्या बोटाने एकेक करून मनगटावर मागेपुढे सरकवत होती. फोडत नव्हती, काढतही नव्हती. बिष्णु बांगड्यांकडे बघत नव्हती, आमच्याकडे बघत होती.

मी जे आहे ते सांगणार होते.

“टेकशी बोलणं झालं,” मी म्हणाले.

इंद्रजितने माझ्याकडे मान वळवली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. “ठीक आहे तो. दुसऱ्या साइटवर नेलंय. तिथे फोन लागत नाही, म्हणून इतके दिवस बोलणं नाही.”

“काय म्हणाला?” बिष्णुने विचारलं. आवाज खरखरीत होता.

काहीतरी म्हणायला हवं होतं त्याने. मी सहा आठवडे ज्या एका गोष्टीचा विचार करत होते तीच तोंडात आली. “पाणी आलं का, म्हणून विचारलं.”

अंगणात कोणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. मग माझ्या मागून हर्क दाइ मोठ्याने म्हणाले, “हो. मी पण ऐकलं. आवाज त्याचाच.”

म्हातारीने बिष्णुचा हात बिष्णुच्याच मांडीवर परत ठेवला. एकेक बाई उठली. आमा घराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघून आत गेली आणि चूल फुंकायला लागली. त्या संध्याकाळी डाळीत मीठ होतं.

“उद्या खरंच काही कळलं तर?” बाहेर हात धुताना इंद्रजितने विचारलं. “खरंच पेटी आली तर, आशे?”

खोटं बोलण्यात मी अगदीच नवखी नव्हते. हजेरीसाठी, उशिरा आल्याबद्दल, प्रयोगवहीसाठी बोललेच होते. पण त्या खोट्यांना मुदत असते. या खोट्याची मुदत दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती, आणि तो माणूस जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा नळ सोडले नाहीत. हिंमत नव्हती. इंद्रजित ब्रश धूत बसला होता. बायका पुन्हा वळणावर आल्या आणि या वेळी तिथेच थांबून राहिल्या. टेक जिवंत असेल, पण भिंतीवरचं तोंड अजून तिथेच होतं, आणि पहिला घोट कोणी घ्यायचा हा प्रश्न होताच. मग आमा आली. पाठीवर टोपली, टोपलीत घागर. तिने टोपली उतरवली, नळांसमोरच्या दगडावर बसली आणि शाल डोक्यावरून मागे सारली.

“माझं तोंड काढ,” ती इंद्रजितला म्हणाली. “त्याच्या शेजारी.”

इंद्रजितला कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं.

“मी जिवंत आहे ना?” आमा म्हणाली. “हे सगळं गाव बघतंय ना मला? मग काढ.”

हर्क दाइ लांब उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली.

इंद्रजितने टेकच्या डाव्या बाजूच्या दोन पाठमोऱ्या बायका पांढऱ्याने झाकल्या आणि कोळशाने रेघ ओढली. पहिल्या दोन रेघा त्याला पुसाव्या लागल्या. तीन तास ती बसली. वळणावर हळूहळू सगळं गाव जमलं. मी तिच्या पायाशी बसले होते, म्हणजे काही लागलं तर द्यायला असं दाखवून. बाकीचे ऐकण्याच्या टप्प्यात नव्हते.

“नानी,” ती हळूच म्हणाली. इंद्रजितने हलू नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ओठ जेमतेम उघडत होते. “टेकला पाण्याचं कोणी सांगितलं?”

मी रंगाचा डबा उगाचच इंद्रजितच्या बाजूला सरकवला.

“तुम्ही आलात त्याच्या आधीच त्याचा फोन बंद झाला. गावात टाकी होते आहे हे त्याला माहीतच नाही.”

मी तिच्याकडे बघू शकले नाही. माझ्या पायापाशी सिमेंटचा एक वाळलेला शिंतोडा होता, तो मी नखाने खरवडत होते. “आमा, नाही बोलणं झालं,” मी म्हणाले. “तो दोन महिने कुणाला दिसलेला नाही. मला माहीत नाही आमा. मला काहीही माहीत नाही.”

मला वाटलं ती उठेल. ती उठली नाही. चेहरा तसाच इंद्रजितकडे, मान ताठ.

“काल तू बोलत होतीस तेव्हाच कळलं,” ती म्हणाली. “बिष्णुला सांगू नकोस. तिच्या बांगड्या हातात राहू देत. जितके दिवस राहतील तितके.”

चेहरा पूर्ण झाला नव्हता, केसांचं काम राहिलं होतं, पण आमा उठली. आपल्याच चित्राखालचा नळ तिने सोडला, आधी ओंजळीने पाणी प्यायली, मग घागर भरली. घागर भरेपर्यंत सगळे बघत होते. ती टोपलीत ठेवून, टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन ती वळणाकडे गेली आणि तिथल्या बायकांना म्हणाली, “टेक बोललाय. पाणी भरा.”

पहिली बिष्णु आली. मग बाकीच्या. दुपारपर्यंत नळापाशी चिखल झाला होता, आणि दोन म्हाताऱ्या इंद्रजितपाशी येऊन आम्हालाही काढ म्हणून हट्ट धरून बसल्या होत्या. मी टाकीमागे जाऊन रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. पाणी चालू झालं होतं, काम पूर्ण झालं होतं, सरांना तसा निरोपही गेला.

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. आमाने दोघांच्या कपाळाला टिळा लावला आणि माझ्या पिशवीत भाजलेला मका भरला. बिष्णु ओढ्यापर्यंत सोडायला आली, माझी पिशवी तिने मला घेऊ दिली नाही. इंद्रजित पुढे गेला होता. ओढ्याच्या दगडांपाशी तिने पिशवी माझ्या हातात दिली, पण सोडली नाही.

“दिदी, टेकला टाकीचं कोणी सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली.

पाण्याचा आवाज बराच होता. मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

“मला तेव्हाच कळलं,” ती म्हणाली. “आमाला सांगू नका. ती जेवायला लागलीये.”

मग तिने पिशवी सोडली आणि ती भराभरा चढ चढून गेली. मी इंद्रजितलाही सांगितलं नाही. कोल्हापूरला आल्यावर परीक्षा होती. पाणीपुरवठ्याच्या पेपरात मी पाइपाचा व्यास काढत बसायचे आणि हिशेबाच्या मध्येच मला त्या दोघी चुलीपुढे समोरासमोर बसलेल्या दिसायच्या, एकमेकींना ‘घे ना’ म्हणून आग्रह करणाऱ्या.

हर्क दाइंचा फोन आला तो गाव सोडल्यापासून एकविसाव्या दिवशी. खिंडीतूनच करत होते, वाऱ्याने निम्मे शब्द उडत होते.

“बहिनी, टेकचा फोन आला.”

मी जिन्यात होते, तिथेच बसले. टेक दुसऱ्या साइटवर पडला होता. मांडीचं हाड मोडून दवाखान्यात होता, फोन हरवला होता, आणि कंपनीने कोणालाही कळवलं नव्हतं. शेवटी तिथल्या एका सफाईवाल्याचा फोन मागून घेऊन त्याने लावला होता. नीट चालायला वर्ष जाईल म्हणाला. पण जिवंत होता.

“त्या दोघी?” मी विचारलं.

“दोघी इथंच होत्या. फोन आमाने घेतला. बोलली, मग बिष्णुला दिला. एक पण रडली नाय. ठेवल्यावर आमा बिष्णुला काय म्हणते, माहीत? म्हणते, त्यात काय एवढं, तो अश्लेषाशी बोलला होताच की. आणि बिष्णु म्हणते, हो ना आमा.”

तिकडे नुसता वारा वाजत होता.

“ऐक,” हर्क दाइ म्हणाले. “मधी फोन मी घेतला होता. टेक मला विचारतो, दाइ, आमा सांगते ती अश्लेषा कोण? मी म्हटलं, गप. तू बोललास तिच्याशी. पाणी आलं का म्हणून विचारलंस. घरी आलास की विसरू नको.”